रोजच्या वापराला मुलामा पुरत नाही

“रोज घालायला ‘एक ग्रॅम सोन्या’चेच दागिने घ्यावेत, त्यांत एक ग्रॅम सोने असतेच, ते खऱ्याइतके टिकतात आणि घडणावळही बुडत नाही,” असा संदेश लग्नसराईत घरोघरी फिरतो. त्यातले शेवटचे विधान तेवढे खरे आहे, तेही अर्धेच.

आधी वजन पाहू. हे दागिने पितळेचे किंवा तांब्याचे असून त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा चढवलेला असतो. मंगळसूत्राचा पृष्ठभाग ५० चौरस सेंटिमीटर आणि थर अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, धरला, तर सोन्याच्या १९.३ घनतेनुसार त्यावर ४८ मिलिग्रॅम सोने बसते. हा एका ग्रॅमचा विसावा भागही नव्हे.

टिकण्याचा दावा तर सर्वांत घातक आहे, कारण मुलामा झिजतो तो रोजच्या वापरानेच. साखळीच्या कड्या एकमेकींवर, बांगड्या ओट्यावर आणि भांड्यांवर घासतात. तिथला थर आधी जातो आणि घाम लागून खालचा धातू काळा-हिरवा पडतो. अनेक दागिन्यांत मुलाम्याखाली निकेल असते आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांना खाज सुटते, पुरळ उठते. टोचलेल्या कानानाकात हा त्रास अधिक, म्हणून रोजची कुडी किंवा चमकी मुलाम्याची घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे. उलट ठुशी किंवा चपलाहार वर्षातून चार वेळा घालायचा असेल, तर मुलामा उत्तम चालतो. गर्दीच्या लोकलमध्ये चोरीची भीती वाटते, तीही रास्तच आहे. तेवढ्यापुरती मुलाम्याची पोत घालावी.

घडणावळ मोडीत परत मिळत नाही, हे मान्य. परंतु २२ कॅरेटच्या पाच ग्रॅमच्या दागिन्यात सुमारे ४.५८ ग्रॅम शुद्ध सोने असते आणि घट वजा जाता त्याचे मोल हाती येते. मुलाम्याच्या दागिन्याची मोड जवळजवळ शून्यच असते.

तेव्हा रोजच्यासाठी वजन कमी करावे, धातू बदलू नये. १८ कॅरेटमध्ये ७५ टक्केच सोने असले, तरी तो २२ कॅरेटपेक्षा सहसा कठीण असतो आणि रोजच्या घासण्याला बरा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कसोबत सक्तीचा झालेला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख-क्रमांक, ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, म्हणून चमकी घेताना कॅरेट आणि वजन सोनाराकडून पावतीवर लिहून घ्यावे.