कारखाना एक, माल एक? आधी काजू मोजा

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या काकांनी एक मेसेज टाकला. तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. "डी-मार्ट, रिलायन्सवाले स्वतःच्या नावाने जो माल विकतात तो कोण बनवतं माहीत आहे? तेच मोठ्या कंपन्यांचे कारखाने! कारखाना एक, माल एक, फरक फक्त पाकिटाचा. पाकीट उलटं करून पत्ता आणि एफएसएसएआय नंबर बघा, खात्री पटेल. जाहिरात नाही म्हणून स्वस्त. अमेरिकेत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आपल्यापासून लपवलं जातंय. पुढे पाठवा." खाली जोडलेले तीन हात.

मी नऊ वर्षं तुर्भ्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये क्वालिटी बघायचे. डाळी, साखर, मसाले, सुका मेवा. तीन वेगवेगळ्या दुकानांच्या नावाची पाकिटं एकाच छताखाली भरली जाताना रोज पाहिली आहेत. हा मेसेज धडधडीत खोटा असता तर मी सोडून दिलं असतं. पण यात चार दाणे खरे आहेत आणि बाकी भुसा, म्हणून एकेक वाक्य धरून लिहिते.

"मोठ्या कंपन्यांचे कारखानेच बनवतात"

पहिला प्रश्न, काय बनवतात? तूरडाळ कोणी बनवत नाही. ती लातूर, अकोला, जळगावच्या डाळमिलमध्ये भरडली जाते आणि कट्ट्यांत भरून येते. पुढे तिचं होतं काय, तर चाळण, खडे काढायचं मशीन, डागी दाणे उडवणारं सॉर्टेक्स, काटा आणि सील. साखर तर कारखान्यातूनच एस-३० किंवा एम-३० अशी दाण्याच्या आकाराची प्रत घेऊन येते. ती किलोच्या पाकिटात भरणं हे हुशारीचं काम नाही, वेगाचं आहे.

हे काम दुकानवाले स्वतःच करतात किंवा आमच्यासारख्यांकडून करून घेतात. डी-मार्ट चालवणाऱ्या अव्हेन्यू सुपरमार्ट्सची अलाइन रिटेल ट्रेड्स नावाची उपकंपनी आहे आणि किराणा माल भरून विकणं हाच तिचा धंदा. बिग बझारवाल्या फ्यूचर ग्रुपने तर त्याच्या बऱ्या दिवसांत कर्नाटकात तुमकूरला फूड पार्कच उभारला होता. २०१४ साली पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तेव्हा डिस्काउंट दुकानातल्या वाणसामानाच्या मोठ्या भागाला "मोठी कंपनी" नावाचा प्राणी शिवतच नाही.

बिस्किटं, नूडल्स, लोणची, केचप, भांड्यांचा साबण यांचं गणित वेगळं. तिथे खरंच कारखाना लागतो आणि तो बहुतेक वेळा कुणाच्या तोंडी नसलेल्या मधल्या आकाराच्या उद्योजकाचा असतो. तो दोन-तीन दुकानांचा माल करतो, कधी एखाद्या नामांकित कंपनीचं कंत्राटी कामही घेतो. मोठ्या कंपन्याही सगळा माल स्वतःच्या भट्टीत भाजत नाहीत. म्हणजे "एकच कारखाना" हे कधीकधी खरं निघतं, पण मेसेज सांगतो त्याच्या उलट्या दिशेने. दुकानाचा माल मोठ्या कंपनीच्या कारखान्यात जातो असं नाही, दोघांचाही माल तिसऱ्याच माणसाच्या कारखान्यात जातो.

"अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे"

हा मेसेजमधला सगळ्यात खरा भाग. कॉस्टको या दुकानसाखळीच्या किर्कलंड कॉफीच्या काही पाकिटांवर ती स्टारबक्सने भाजल्याचं स्पष्ट छापलेलं असे. लपवालपवी कसली, उलट ती मिरवण्याची गोष्ट होती.

दुसरं उदाहरण कमी गोड आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेत पीनट बटरमधून पसरलेली साल्मोनेला या जंतूची साथ उघडकीस आली. परत मागवलेल्या बरण्यांत पीटर पॅन हा नावाजलेला ब्रँड होता आणि वॉलमार्टचा स्वस्तातला ग्रेट व्हॅल्यूही. दोन्हींच्या झाकणांवरचा कोड २१११ ने सुरू होत होता, कारण दोन्ही जॉर्जिया राज्यातल्या सिल्व्हेस्टर गावी कोनाग्रा कंपनीच्या एकाच कारखान्यात भरल्या जात. २०१३ मध्ये युरोपात गोमांसाच्या नावाखाली घोड्याचं मांस सापडलं, तेव्हा कोमिजेल या एकाच फ्रेंच पुरवठादाराकडचे डबे फिंडस या ब्रँडच्या नावानेही विकले जात होते आणि आल्डी, टेस्कोच्या नावानेही.

आता यातून नेमकं काय सिद्ध होतं तेवढंच घ्या. छप्पर एक होतं. गोंधळ झाला तेव्हा तो सगळ्यांच्या वाट्याला आला. दोन बरण्यांतलं पीनट बटर एकाच कृतीने केलेलं होतं, हे काही त्यातून निघत नाही.

"कारखाना एक म्हणजे माल एक"

खरा घोटाळा इथे आहे. कारखाना म्हणजे नळ नव्हे, की कुणीही भांडं धरलं तरी तेच पाणी. तो शिंप्यासारखा असतो, कापड आणि माप गिऱ्हाईक देतं. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद भिंतीला लावलेला असायचा. आम्ही त्याला नुसतं "स्पेक" म्हणायचो. ओलावा किती चालेल, तुकडा किती टक्के, डागी किती, किडका किती. सकाळी एका दुकानाच्या कागदाप्रमाणे मशीन लावायचं, दुपारी पाकिटांचा रोल बदलायचा, कागद बदलायचा आणि तेच मशीन दुसऱ्यासाठी. सकाळी सॉर्टेक्सने बाहेर फेकलेला तुकडा दुपारच्या कागदात बसत असला तर तो दुपारी चालायचा. यात लबाडी काही नाही. दुपारच्या गिऱ्हाइकाने दरच तेवढा दिलेला असायचा आणि कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या आतच ते सगळं असायचं. पण पाकिटावर दोन्हीकडे "तूरडाळ" एवढंच. निवडक की तुकडा, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि पाकीट सांगत नाही.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण काजूचं, आणि ते घरी ओट्यावर करून बघता येतं. वेंगुर्ल्यापासून चंदगड-आजऱ्यापर्यंत कुठल्याही काजू कारखान्यात जा, अख्ख्या पांढऱ्या गराची प्रत आकड्यात सांगतात: डब्ल्यू १८०, २४०, ३२०, ४००. हा आकडा म्हणजे एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. तेव्हा घरच्या काट्यावर १०० ग्रॅम अख्खे काजू तोला आणि मोजा. ५० च्या आसपास भरले तर २४० नंबर, ६६ ते ७० भरले तर ३२०. ऐंशीच्या पुढे गेलात तर ४०० समजा. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी, त्याच बायकांच्या हातून सोललेले हे सगळे नंबर बाहेर पडतात. कारखाना एक, पत्ता एक, लायसन्स एक. माल?

बासमतीतही हेच. अख्खा दाणा, मग तिबार, दुबार, मोगरा, अशी तुकड्याची उतरंड. गिरणी तीच असते.

जिथे कृती आहे तिथे फरक आणखी आत दडतो. जॅममध्ये फळ किमान ४५ टक्के हवं असं आपला नियम सांगतो (स्ट्रॉबेरी, रासबेरीला सवलत आहे). ही खालची रेघ झाली. एक गिऱ्हाईक ४५ वर थांबतं, दुसरं वर जातं, कढई तीच राहते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात आणि पाकिटावर "बदाम", "बटर" असा गाजावाजा केला असेल तर त्याची टक्केवारीही द्यावी लागते. बदाम कुकीजचं पाकीट उलटं करून ती टक्केवारी एकदा वाचा. मग पुढच्या बाजूला छापलेला बदामांचा ढीग बघा. हा खेळ मोठे ब्रँडही तितक्याच उत्साहाने खेळतात, बरं का.

"मागचा पत्ता आणि नंबर बघा"

जरूर बघा, पण काय बघताय ते कळू दे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर लायसन्स, २ असेल तर छोट्या धंद्याची नुसती नोंदणी. पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५, केंद्रीय लायसन्स असेल तर ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. हे लायसन्स धंद्याला आणि जागेला मिळतं, पाकिटातल्या मालाच्या दर्जाला नव्हे. नंबर सारखा दिसला म्हणून माल सारखा म्हणणं, म्हणजे एकाच बिल्डिंगचा पत्ता आहे म्हणून सगळ्या बिऱ्हाडांची आमटी एकाच चवीची म्हणणं.

आणखी एक गोम. पाकिटावर बऱ्याचदा दोन नंबर असतात, एक विकणाऱ्याचा आणि एक बनवणाऱ्याचा किंवा भरणाऱ्याचा. लोक ठळक छापलेला, विकणाऱ्याचा नंबर बघून निष्कर्ष काढतात. बनवणाऱ्याचा नंबर शोधा आणि फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर टाका, नाव निघतं. मी हे वेळ जात नसला की करते. गंमत अशी की बहुतेक वेळा निघणारं नाव तुम्ही आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं.

"जाहिरात नाही म्हणून स्वस्त"

अर्धं खरं. जाहिरात वाचते, सुपर-स्टॉकिस्टपासून (म्हणजे मोठ्या घाऊक वितरकापासून) फेरीवाल्या सेल्समनपर्यंतची साखळी वाचते. डी-मार्टची बहुतेक दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत आहेत, म्हणजे भाड्याचाही भार कमी. पण उरलेला अर्धा भाग स्पेकच्या कागदावर असतो आणि थोडा वजनात. पूर्वी बिस्किटं, चहा, तेल अशा वस्तूंची पाकिटं ठरलेल्या वजनातच काढावी लागत. २०२२ पासून ते बंधन गेलं आणि त्याच्या बदल्यात प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो किंमत छापायची सक्ती आली. ती ओळ बारीक अक्षरात एमआरपीच्या शेजारी असते. चष्मा लावून वाचा. स्वस्त वाटणारं पाकीट ९०० ग्रॅमचं निघालं की चेहरा बघण्यासारखा होतो. माझाही झालाय.

काकांच्या मेसेजखाली एका ताईंनी दुसरं टोक गाठलं: "स्वस्त म्हणजे भेसळ, आम्ही ब्रँडेडच घेतो." त्यांच्यासाठी एकच गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने मधाच्या १३ ब्रँडची तपासणी जाहीर केली. मधात साखरेचा पाक मिसळलाय का हे पकडणाऱ्या, जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या एनएमआर चाचणीत त्यातले फक्त तीन पास झाले. नापासांत घराघरांत पोचलेली नावं होती. कंपन्यांनी आरोप फेटाळले, आपल्या नियमांप्रमाणे माल बरोबर असल्याचं सांगितलं. ते वाद त्यांच्यापाशी. पण मोठं नाव म्हणजे हमीपत्र, ही समजूत तेव्हाच गळायला हवी होती.

मग ब्रँडला जास्त पैसे मोजून मिळतं काय? माझ्या मते सातत्य, आणि काही वस्तूंत ते खरंच लाखमोलाचं असतं. चहा घ्या. आसामचा पाऊस दरवर्षी सारखा पडत नाही, पण ब्रँडच्या चहाची चव बारा महिने तीच लागते, कारण चव घेणारी माणसं रोज कपांच्या रांगेपुढे उभी राहून मिश्रण बदलत असतात. त्या जिभेचे पैसे आहेत ते. दुकानाच्या ब्रँडचा पुरवठादार दराच्या बोलीवर बदलू शकतो. मार्चमध्ये आवडलेली बिस्किटं सप्टेंबरमध्ये घशात अडकली, तर जिभेला दोष देऊ नका, आधी मागचा लायसन्स नंबर जुळवा. पाकीट तेच, भट्टी बदललेली असते. मेसेज म्हणतो पाकीट वेगळं, माल तोच. मी जास्त वेळा पाहिलंय ते याच्या बरोब्बर उलटं.

मी स्वतः साखर, मीठ, रवा, पोहे, शाबू डोळे मिटून दुकानाचेच घेते. तूरडाळ पाकिटातून आरपार दिसत असेल तर घेते, नाहीतर नाही. चहा आणि हिंग ब्रँडचे. काजू मोजून.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं होतं. काकांचं काही उत्तर आलं नाही. रात्री साडेदहाला एक फोटो आला: स्टीलच्या ताटात दहा-दहाच्या ढिगांनी मांडलेले काजू, शेजारी स्वयंपाकघरातला काटा आणि खाली एकच शब्द, "अडुसष्ट".