भीमाकाठचे शिंपले त्सुनामीने आणलेले नाहीत

भीमाकाठी विहीर खणताना शिंपले आणि वाळूचा थर निघाला, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी त्सुनामी सोलापूरपर्यंत आली होती, असा मेसेज जिल्ह्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. शिंपले आणि वाळू निघणं शक्य आहे, पण त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे. त्यासाठी दिले जाणारे दावे एकेक करून बघू.

'शिंपले म्हणजे समुद्र.' भीमेच्या गोड्या पाण्यात लॅमेलिडेन्स हा मोठा शिंपला आणि बेलामिया ही गोगलगाय राहते. लॅमेलिडेन्स लांबट असतो, बाहेरून काळपट तपकिरी, आतून मोत्यासारखा चकचकीत. पुराच्या गाळात तो जागच्या जागी पुरला जातो.

'दोन्ही झडपा मिटलेल्या आहेत, म्हणजे अचानक लाट आली.' यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते फसवं. ओमानच्या सूर इथल्या खाडीत 1945 च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) त्सुनामीच्या थरात मिटलेले शिंपले खरोखर सापडले. पण ते खाऱ्या पाण्यातले होते, त्यांतले काही खाडीबाहेरच्या समुद्रातले. नदीच्या पुरातही शिंपले मिटलेले पुरले जाऊ शकतात. निर्णय शिंपल्याच्या जातीवरून होतो, मिटलेपणावरून नाही.

'चिखलात वाळूचा वेगळा थर, हाच पुरावा.' पूरही असा थर टाकतो. खाली जाड कण, वर बारीक, ही रचना पुराच्या आणि त्सुनामीच्या, दोन्ही थरांत दिसते. त्सुनामीचा थर म्हणायला बरंच काही एकत्र लागतं: तळाशी खरवडलेली धारदार सीमा, खालच्या मातीची उपटलेली ढेकळं, फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म सागरी जीव, आणि किनाऱ्याकडून आत येताना सलग पातळ होत जाणारी वाळूची चादर. थायलंडच्या फ्रा थोंग बेटावर 2004 च्या त्सुनामीच्या वाळूखाली असेच जुने थर मिळाले. त्यातला एक सुमारे 550 ते 700 वर्षांपूर्वीचा. किनाऱ्यावरसुद्धा वादळी लाटांचा थर आणि त्सुनामीचा थर वेगळे काढताना जाणकारांत वाद होतात.

'लाट प्रचंड असेल तर कुठेही पोचते.' 2011 मध्ये जपानच्या सेंदाई मैदानात त्सुनामीचं पाणी साडेचार किलोमीटर आत गेलं. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड वाळू मात्र सुमारे तीन किलोमीटरवरच संपली, पुढे नुसता चिखल होता. सोलापूर समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून दूर, साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि मध्ये सह्याद्री उभा आहे.

'मातीवर मीठ फुटतं.' क्षारपड जमिनीला समुद्र लागत नाही. उसाला भरमसाट पाणी दिलं आणि निचरा नसला की काळ्या मातीतले क्षार वर येऊन सुकतात. पांढरे खडे दिसले तर त्यावर व्हिनेगर टाका; फसफसले तर ती चुनखडी.

शंका उरली तर नमुना नीट घ्या. विहिरीची भिंत खुरप्याने बोटभर आत तासा, नाहीतर वरून ओघळलेली माती मिसळते. प्रत्येक थराची मूठभर माती वेगळ्या पिशवीत भरून खोली लिहा. शिंपला धुऊ नका, भोवतीच्या मातीसकट ठेवा. फोरामिनिफेरासाठी 63 मायक्रॉनच्या चाळणीवर माती पाण्याने चाळून उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. वय काढायला नुसता शिंपला देऊ नका: चुनखडीच्या पाण्यातला जुना कार्बन कवचात शिरतो आणि कार्बन-14 ची वयतपासणी खऱ्यापेक्षा जास्त वय दाखवते. थरातला कोळसा मिळाला तर तो द्या. वाळूचं वय प्रकाशाच्या पद्धतीने, म्हणजे कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजून, काढायचं असेल, तर लोखंडी पाइप थरात आडवा ठोकून दोन्ही तोंडं लगेच काळ्या प्लास्टिकने बंद करा. ऊन लागलेले कण त्या तपासणीला निरुपयोगी ठरतात.