आज किती आहे?

उन्हाळा लागला की माणसे एकमेकांची खुशाली विचारणे सोडून देतात आणि भेटताक्षणी 'आज किती आहे?' असे विचारतात. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येते, अशी विचारणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. आमच्या घरी मात्र एकाच दुपारी त्याची अनेक उत्तरे तयार असतात आणि प्रत्येक उत्तराला स्वतंत्र वकील असतो. फोन ३९ अंश म्हणतो, बाल्कनीच्या भिंतीवरचा तापमापक ४७ वर ठाम असतो, दारात उभी असलेली गाडी ४३ दाखवते, मेव्हण्यांनी विकत आणलेले पिस्तुलासारखे यंत्र गच्चीच्या फरशीकडे रोखले की ६० च्या खाली यायला तयार नसते, आणि आई कोणत्याही उपकरणाचे साहाय्य न घेता 'आज फार आहे' एवढाच निकाल देते.

फोनची बाजू मांडायला फारसे काही नाही. तो आकडा आपल्या खिशातला नसून दुसरीकडच्या केंद्रावरच्या नोंदींवरून आणि संगणकाच्या गणितावरून काढलेला असतो. गाडीचा संवेदक बहुधा पुढच्या बंपरच्या मागे असतो, त्यामुळे उभ्या गाडीत तो तापलेल्या रस्त्याची आणि इंजिनाची हकीकत सांगतो व गाडी मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की हळूहळू शुद्धीवर येतो. खरा वाद आहे तो बाल्कनीतल्या तापमापकाचा, कारण शेजारचे काका त्याच्या बाजूने उभे आहेत. काकांना मोठा आकडा आवडतो. 'सावलीत ३९ म्हणजे उन्हात ४७ असणारच,' असे ते म्हणतात, आणि तसे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर उन्हाने नव्हे तर समाधानाने तेज येते.

वास्तविक ऊन आणि सावली यांच्यामध्ये दोन पावलांचे अंतर असते आणि त्यांच्यातून वाहणारी हवा एकच असते. तिचे तापमान दोन्हीकडे जवळपास सारखेच भरते. फरक पडतो तो उन्हात असलेल्या वस्तूवर थेट पडणाऱ्या किरणांमुळे. ते किरण तापमापक स्वतः शोषून घेतो आणि तापतो. म्हणूनच त्याच उन्हात काळ्या चौकटीचा तापमापक एक आकडा दाखवतो, पांढऱ्या चौकटीचा दुसरा, आणि वाऱ्याची झुळूक आली की दोघेही आपापले विधान मागे घेतात. तापमापक हा दुसऱ्याची प्रकृती विचारली असता स्वतःचीच सांगत बसणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. हे मी काकांना शक्य तितक्या नम्रपणे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे हवामान खातेसुद्धा इतकी वर्षे स्वतःचेच सांगत आले की काय?"

उत्तर 'होय' असेच आहे, आणि तीच त्या खात्याची हुशारी आहे. तापमापक स्वतःचेच तापमान सांगणार, हे मान्य करून त्याचे आणि हवेचे तापमान एक होईल अशी सक्तीची व्यवस्था तेथे केलेली असते. एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या स्कॉटिश अभियंत्याने त्यासाठी एक पांढरी लाकडी पेटी तयार केली. तिच्या भिंती दुहेरी झडपांच्या असतात, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. उत्तर गोलार्धात तिचे दार उत्तरेकडे असते, म्हणजे नोंद घ्यायला दार उघडले तरी सूर्य आत डोकावत नाही. आणि आतला तापमापक गवताळ, मोकळ्या जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर असतो. तेव्हा जाहीर होणारे तापमान हे गवतावर, स्वतःची सावली बरोबर घेऊन, मंद वाऱ्यात, काहीही न करता उभ्या असलेल्या सद्गृहस्थाच्या छातीजवळच्या हवेचे असते. असा सद्गृहस्थ मी अद्याप पाहिलेला नाही. आपण सारे डांबरावर, पत्र्याखाली किंवा बसथांब्यावर असतो, आणि दुपारी जमिनीला चिकटून असलेली हवा तर छातीजवळच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, ही गोष्ट रस्त्यावरच्या कुत्र्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक आहे.

जमीन आणि हवा यांच्यातली ही तफावत किती असावी? कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीक येथे १९१३ मध्ये हवेचे तापमान ५६.७ अंश नोंदले गेले आणि तेथेच १९७२ मध्ये जमिनीचे तापमान ९३.९ अंश नोंदले गेले. काकांना मी ही माहिती दिली ती त्यांचा विक्रमांचा हव्यास शमावा म्हणून. त्यांनी त्यातला फक्त दुसरा आकडा उचलला. त्यांच्या माहितीसाठी मी लिबियातल्या अल अझीझियाचीही गोष्ट सांगितली. तेथे १९२२ मध्ये नोंदलेले ५८ अंश हे नव्वद वर्षे जगातले सर्वोच्च तापमान म्हणून मिरवत राहिले आणि २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केले. नोंद घेणारा नवखा असावा आणि त्याने उपकरणातल्या दर्शक कांडीचे चुकीचे टोक वाचले असावे, त्यामुळे सुमारे सात अंशांची वाढ झाली असावी, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. त्या अज्ञात नोंदकाविषयी काकांना एकाएकी अतोनात आपुलकी वाटू लागली.

आता मेव्हण्यांचे पिस्तूल. हे यंत्र कशालाही न शिवता, वस्तूतून बाहेर पडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवरून तिच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. मेव्हण्यांनी पहिल्या दिवशी ते खोलीतल्या हवेवर रोखले. हवा या किरणांना बहुतांशी पारदर्शक असल्यामुळे यंत्राने समोरच्या भिंतीचे तापमान सांगितले आणि मेव्हण्यांनी ते खोलीचे म्हणून जाहीर केले. मग त्यांनी खिडकीच्या बंद काचेतून समोरच्या इमारतीचे तापमान घेतले, ते अर्थात काचेचे निघाले. मग उकळत्या पाण्याच्या चकचकीत स्टीलच्या पातेल्यावर नेम धरला, तेव्हा यंत्राने ते पातेले जेमतेम कोमट ठरवले. कारण घासूनपुसून लख्ख केलेला धातू स्वतःचे किरण फार थोडे सोडतो आणि आजूबाजूचेच परतवतो. "दाजी, हे तर गारच आहे," असे म्हणत त्यांनी हात पुढे केला, तो माझ्या पत्नीने "दादा!" अशी किंकाळी फोडून वेळीच अडवला. पातेल्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा, म्हणजे खरा आकडा मिळतो, असा उपाय मी सुचवला आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला, कारण आता घरातल्या प्रत्येक भांड्यावर काळी पट्टी आहे. रात्री त्यांनी ते यंत्र निरभ्र आकाशाकडे रोखले, तेव्हा आकडा शून्याच्या खाली गेला. ही मात्र यंत्राची चूक नव्हती. कोरड्या, निरभ्र आकाशाकडून अवरक्त किरण फारच थोडे येतात, आणि म्हणूनच रात्री गवताची पाती आपली उष्णता वर उधळून हवेहूनही गार होतात व त्यांच्यावर दव साठते.

राहता राहिली आई. तिच्या म्हणण्याची परीक्षा घ्यावी म्हणून मेव्हण्यांनी साधा तापमापक चालू पंख्यासमोर धरला. तो तसूभरही उतरला नाही, कारण पंखा हवा गार करत नाही, आपला घाम वाळवतो, आणि तापमापकाला घाम येत नाही. त्याच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळल्यावर पारा भराभर उतरला. हवा दमट असलेल्या दिवशी हाच प्रयोग केला तर तो जेमतेम उतरतो आणि नेमक्या त्याच दिवशी, फोनवरचा आकडा कमी असूनही, आई 'आज फार आहे' म्हणते. ओल्या चिंधीचे हे गणित ती पदराने कपाळ पुसून करते.

हे सगळे पाहून मेव्हण्यांनी झडपांची एक पांढरी पेटी सुताराकडून करवून आणली. गच्चीची फरशी तापते, भिंती ऊब सोडतात, म्हणून ती अंगणातल्या गवताच्या तुकड्यावर ठेवायची ठरली. पण तेथे झाडाखाली काकांची आरामखुर्ची असते. "पेटी तिकडे उन्हात ठेवा, सावलीत मी बसलो आहे," असे काकांनी बजावले. काकांचे म्हणणे प्रथमच शास्त्रशुद्ध होते, कारण अशी पेटी झाडाच्या आडोशाला नव्हे, उघड्यावरच ठेवायची असते. काकांचे बरोबर आहे हे मान्य करायला मेव्हणे तयार नाहीत, त्यामुळे पेटी सध्या जिन्याखाली आहे आणि जिन्याखालचे तापमान अत्यंत अचूक दाखवते आहे.