बरणीला भोकं पाडून शॅमेलिऑन नेऊ नका

सांगली-मिरजेत प्राणी पाळणाऱ्यांच्या मोबाइलवर शॅमेलिऑनबद्दल, म्हणजे रंग बदलणाऱ्या झाडावरच्या सरड्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. शॅमेलिऑन परगावी न्यायचाय? प्लास्टिकच्या बरणीला भोकं पाडा, आत वाटीभर पाणी ठेवा, सोबतीला दुसरा घाला आणि बरणी डिकीत टाका. थंड रक्ताचा प्राणी आहे, त्याला ऊन लागत नाही, काळा पडला तर झोपलाय समजा. शेतात सापडलेलाही असाच घरी आणा. यातलं एकही वाक्य पाळण्यासारखं नाही.

सगळ्यात घातक आहे ते थंड रक्ताचं. थंड रक्ताचा म्हणजे अंगाची उष्णता त्याला स्वतः सांभाळता येत नाही. झाडावर असताना ऊन वाढलं की तो पानाआड सरकतो, गार वाटलं की उन्हात येतो. डब्यात दोन्ही बंद. डोक्यावर तुरा असलेला पाळीव शॅमेलिऑन मूळचा येमेन-सौदीकडचा, म्हणून लोकांना वाटतं की ऊन सोसेल. पण तिथेही तो डोंगरातल्या झाडीत राहतो. प्रवासात त्याला २२ ते २७ अंश मानवतात. एप्रिलमध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पन्नाशी गाठतो. डिकीत एसीही पोचत नाही. पुण्याला डॉक्टरांकडे नेताना साताऱ्याजवळ जेवायला थांबलात, तर डबा सोबत न्या किंवा एकाने एसी लावून गाडीतच बसा. तोंड उघडं ठेवून बसला असेल तर तो तापलाय. डिसेंबरात पहाटे निघालात तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकवा.

काळा रंग झोपेचा नाही. झोपलेला शॅमेलिऑन उलट फिकट दिसतो. काळवंडतो तो घाबरून किंवा गारठून. तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि बघा.

आता बरणी. त्याची बोटं दोन जुड्यांत जोडलेली असतात, एकीकडे दोन, दुसरीकडे तीन, चिमट्यासारखी. गुळगुळीत प्लास्टिकवर हे पाय काही धरू शकत नाहीत आणि प्रत्येक गतिरोधकाला तो घसरतो. पुठ्ठ्याचा खोका घ्या, वर हवेसाठी भोकं, तळाला जुना टॉवेल आणि तळापासून चार बोटं वर बोटाएवढी जाड, खरखरीत काठी दोन्ही टोकांना पक्की बसवा. खोक्यात अंधार असतो, तो फायद्याचा. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरवून हा प्राणी जवळजवळ चहूबाजूंना बघतो. पारदर्शक बरणीतून दिसणारा प्रत्येक ट्रक त्याला अंगावर येणारा वाटतो.

खोक्यात घालताना फांदीवरून ओढू नका, नख उपटतं. काठी त्याच्या छातीपुढे धरा. तो एक पाय टाकेल, जागच्या जागी डुलेल, मग दुसरा टाकेल, शेवटी शेपटीचा वेढा सोडेल. हात स्थिर ठेवून थांबायला जमत नसेल, तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे काम द्या.

वाटीतलं पाणी तो सहसा पीतच नाही, पानावरचे थेंब चाटतो. निघण्याआधी फवारा मारून पोटभर पिऊ द्या. त्या सकाळी खाऊ घालू नका. मोठा, निरोगी प्राणी एक दिवस सहज काढतो. खोक्यात जिवंत किडे सोडायचे नाहीत, ते त्यालाच चावतात.

सोबतीची कल्पना माणसाची. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. दुसरा नुसता समोर दिसला तरी तो फुगतो, फुसकारतो. दोन असतील तर दोन खोके.

शेवटचा मुद्दा शेतातल्याचा. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बाभळीवर दिसणारा शॅमेलिऑन हा वन्यजीव आहे. त्याला पकडणं, पाळणं, इकडून तिकडे नेणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. झाडावर असेल तर तिथेच राहू द्या, जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. परदेशी जातीच्या शॅमेलिऑनचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. निघताना त्या नोंदीची प्रत गाडीत ठेवा.