एरंडेलाचा वास आणि क्लचवरची दोन बोटं

एरंडेल म्हटलं की आमच्या पिढीला रविवारची सकाळ आठवते. आजीने नाक दाबायचं, चमचा आत, वर गुळाचा खडा. इथे सिडनीत आमच्या गल्लीत पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना मात्र त्याच एरंडेलाने तरुण झाल्यासारखं वाटतं. जुन्या रेसिंग मोटारसायकलींच्या इंजिनात एरंडाचं तेल असलेलं वंगण घालत. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टरवरून, म्हणजे आपल्या एरंडावरूनच आलंय. ते जळताना गोडसर, करपलेल्या पाकासारखा वास येतो. काकांनी त्याची एक जुनी डबी जपून ठेवलीय. अधूनमधून झाकण उघडून हुंगतात आणि परत लावतात.

काका मी मनात म्हणतो. तोंडावर पहिल्या नावानेच हाक मारतो, इथली रीतच ती. सत्तरच्या दशकात ते रेस करायचे. मोठं नाव नव्हतं. आठवडाभर वर्कशॉपमध्ये फिटर, शनिवार-रविवारी गाडी ट्रेलरवर टाकून ट्रॅकवर. त्यांच्या गॅरेजात मी पाने पुढे करायला जातो आणि बदल्यात गोष्टी ऐकतो.

गोष्टींमध्ये दोन ठिकाणं कायम येतात. एक अमारू पार्क. सिडनीच्या वायव्येला दोन किलोमीटरहूनही छोटा ट्रॅक. तिथे 1970 ते 1983 'कॅस्ट्रॉल सिक्स अवर' व्हायची. सलग सहा तास, आणि गाडी शोरूममध्ये मिळते तीच. त्यामुळे रविवारी जी जिंकली तिच्यासाठी सोमवारी दुकानात रांग. एबीसी या सरकारी वाहिनीवर थेट प्रक्षेपण असायचं, म्हणजे घराघरात पोचलेली. साधारण दोन स्वार आलटून पालटून चालवत, पण 1973 मध्ये केन ब्लेकने कावासाकी झेड-1 वर सहाही तास एकट्याने काढले आणि जिंकला. सहा तास! मी पुणे-मुंबई केलं तरी लोणावळ्याला कंबर धरतो.

दुसरं बाथर्स्ट. सिडनीपासून दोनशे किलोमीटर, निळे डोंगर ओलांडून. तिथल्या माउंट पॅनोरमावर 1938 पासून ईस्टरला मोटारसायकलींची जत्रा भरायची. 6.2 किलोमीटरची फेरी, त्यात 174 मीटर चढ आणि तेवढाच उतार. माथ्यावर स्कायलाइन नावाचा भाग आहे. नाव उगाच नाही, तिथे पोचलात की पुढचा रस्ता दिसत नाही, आभाळ दिसतं. मग डोंगर एकदम पायाखालून निसटतो, वळणावर वळण घेत खाली, आणि शेवटी कॉनरॉड स्ट्रेट. एकाच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तिथे तुटला म्हणून सरळ रस्त्याचं नावच कॉनरॉड. त्या उंचवट्यांवरून सत्तरच्या दशकातल्या यामाहा टीझेड 750 ताशी 250 किलोमीटरच्या वर जायच्या. टायर आजच्या मानाने बोटभर रुंद, आणि फ्रेम अशी की काका म्हणतात, 'मधोमध बिजागरी लावल्यासारखी.'

आणि त्या गाड्या टू-स्ट्रोक. ज्यांनी राजदूत 350 चालवलीय त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मिश्रणात पेट्रोल जरा कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि मागचं चाक त्या क्षणी थांबतं. तुम्ही थांबत नाही. त्यावर उपाय एकच, डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. आवाज बदलला की दाबायचा, म्हणजे जाम इंजिनापासून चाक सुटतं. विचार करायला वेळ नाही. काकांची ती दोन बोटं अजून चहाचा कप धरतानाही जराशी वाकडी, तयारीत असतात.

आता मुद्द्यावर येतो. इथे जुन्या रेसप्रेमींचे फेसबुक ग्रुप आहेत, मी त्यात मुरलेला मेंबर आहे. हिरव्या कावासाकीवरचा ग्रेग हॅन्सफर्ड, वॉरन विलिंग, अशा त्या काळच्या ऑस्ट्रेलियन रेसर्सचे फोटो पडतात आणि खाली ठरलेली कॉमेंट येते, 'तेव्हा मर्द होते, आता नुसती इलेक्ट्रॉनिक्स.' पूर्वी मीही लाइक ठोकायचो. हल्ली बोट अडतं.

कारण त्या मर्दांचं पुढे काय झालं ते बघा. कीथ कॅम्पबेल, ऑस्ट्रेलियाचा पहिला मोटारसायकल जगज्जेता, 1957. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये रेसमध्ये जीव गेला. टॉम फिलिस, होंडासाठी 1961 चा जगज्जेता. पुढच्याच वर्षी आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरच्या रेसमध्ये गेला. मधे 1960 मध्ये बॉब ब्राउन जर्मनीत. सहा तास एकट्याने काढणारा केन ब्लेक 1981 मध्ये, तोही आयल ऑफ मॅनवर. बाथर्स्टचा लाडका रॉन टूम्ब्स 1979 च्या ईस्टरला बाथर्स्टवरच. विलिंग त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमध्ये जबर जखमी झाला, वाचला, आणि पुढे नावाजलेला इंजिनिअर झाला. हॅन्सफर्डची मोटारसायकल कारकीर्द 1981 च्या अपघाताने संपली. तो कारकडे वळला, 1993 मध्ये बाथर्स्टची हजार किलोमीटरची रेस जिंकला आणि 1995 मध्ये फिलिप आयलंडच्या ट्रॅकवर कारच्या रेसमध्येच गेला. 'तेव्हा मर्द होते' यातला 'होते' एवढा शब्दशः खरा आहे.

बरं, हे सगळं त्यांनी हौसेने पत्करलं म्हणावं तर तसंही नाही. युरोपात जाणारे बहुतेक ऑस्ट्रेलियन स्वतःच्या खर्चाने जायचे. गाडी, हत्यारं, झोपायची गादी, सगळं एका व्हॅनमध्ये. आयोजक नुसतं हजर राहण्याचे पैसे देत, त्यावर पोट आणि पुढच्या गावापर्यंतचं पेट्रोल. ट्रॅक धोकादायक आहे म्हणून नाही म्हणालात तर त्या आठवड्याला उपास. जॅक फिंडलेसारख्या माणसाने अशी जवळजवळ वीस वर्षं काढली. त्याला शौर्य म्हणा, पण त्यात नाइलाज किती होता तेही मोजा. बाथर्स्टला कार सुरक्षित व्हाव्यात म्हणून पोलादी कठडे लावले. मोटारसायकलवरून घसरत आलेल्या माणसाला तोच कठडा काय करतो, हे कुणी विचारायचं?

आपल्याकडे वेगळं काय आहे म्हणा. हेल्मेटसक्ती आली की पुण्यात जेवढे मोर्चे निघाले तेवढे पाण्यासाठी निघाले असते तर! 'आम्ही आयुष्यभर बिनहेल्मेटची चालवली, काय झालं?' असं विचारणारे सगळे जिवंत असतात, ही त्या युक्तिवादातली मोठी सोय.

तरी एक कबूल करायला हवं. त्या काळाचं मलाही वेड आहे आणि ते जात नाही. यामाहा टीझेड 350 ही रेसची गाडी कुणीही विकत घेऊ शकायचा, आणि हात चांगला असेल तर कारखान्याच्या टीमला घाम फोडू शकायचा. काकांसारखा फिटर सकाळी ट्रेलरवरून गाडी उतरवायचा आणि दुपारी धक्का स्टार्टच्या रांगेत एखाद्या ऑस्ट्रेलियन चॅम्पियनच्या दोन ओळी मागे उभा असायचा. टास्मानियात लाँगफर्डला तर ट्रॅक रेल्वेचं फाटक ओलांडून, पबला वळसा घालून जायचा. रेस आणि गाव यांच्यामध्ये भिंतच नव्हती. 1968 नंतर ते बंद झालं. ते फाटकही हवं आणि माणसंही वाचायला हवीत, हे दोन्ही एकत्र कसं जमलं असतं ते मला सांगता येत नाही. काकांना विचारलं तर ते कार्ब्युरेटर साफ करत राहतात.

बाथर्स्टची ईस्टरची जत्रा अपघातांपेक्षा मारामारीने लवकर विझली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डोंगरमाथ्यावर तंबू ठोकून राहिलेली गर्दी आणि पोलीस यांच्यात दंगली झाल्या, माणसं यायची कमी झाली. अमारू 1998 मध्ये बंद. सिडनीचाच दुसरा ट्रॅक ओरान पार्क, त्यावर आता कॉलनी आहे, तिथल्या एका रस्त्याला कार रेसर पीटर ब्रॉकचं नाव आहे आणि त्यावरून मुलं शाळेत जातात.

गेल्या महिन्यात मी माझी साधी 650 घेऊन बाथर्स्टला जाऊन आलो. रेस नसते तेव्हा माउंट पॅनोरमा हा सार्वजनिक रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी वाहतूक, कडेला घरं, द्राक्षांचे मळे, आणि ताशी 60 ची मर्यादा. पोलीस टपलेले असतात, कारण प्रत्येकाला तिथे वाटतं की आपण कुणीतरी आहोत. माझ्या पुढे कॅरव्हॅन ओढणारं एक आजी-आजोबांचं जोडपं होतं, ताशी चाळीसने. स्कायलाइनला खरंच आभाळ आलं, पोटात गोळा आला, चाळीसलासुद्धा. मग कॅरव्हॅनचे ब्रेकलाइट बघत बघत डोंगर उतरलो.

कॉनरॉडच्या टोकाला गाडी बाजूला घेतली. माझी गाडी फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शन, एबीएस. ती या जन्मी जाम होणार नाही. डावा हात हँडलवरून काढताना लक्षात आलं, पूर्ण फेरीभर माझी दोन बोटं क्लचवर होती.