तीन दिवसांत अजिंठा-वेरूळ (वाटेत शिर्डी, जमलं तर लोणार)

छोट्या ग्रुपच्या सहली काढायचं तुमच्या मनात आलंय, हे फार चांगलं झालं. पन्नास माणसांच्या बसला लोक कंटाळलेत. त्यांना आता निवांतपणा हवाय, मोजकी माणसं हवीत, जाणकार गाइड हवा. हे सगळं त्यांना पत्रकात जरूर द्या. पत्रकात द्यायला काहीच खर्च येत नाही.

सुरुवात अजिंठा-वेरूळपासून करा. पुण्याहून दोन रात्री, तीन दिवस. आधी ग्रुप किती छोटा ते ठरवा. जाहिरातीत 'फक्त बारा जण' लिहा. पण टेम्पो ट्रॅव्हलर बहुधा सतरा सीटर मिळते आणि रिकामं सीट पाहून मालकाच्या पोटात जे कालवतं ते तुमच्याही पोटात कालवेल. तेव्हा सतरा घ्या. ज्या काकांनी 'बारा म्हणाला होतात ना?' असं विचारलं, त्यांना सांगा की बाकीचे पाच ऐनवेळी फारच मागे लागले, आणि माणसं तुमच्यासारखीच आहेत, घरगुती.

आता तारखा. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. यात काही गुपित नाही, गुगलवर शाळकरी पोरालाही सापडेल. म्हणूनच जाणकार आयोजक तिकडे लक्ष देत नाही. शनिवार-रविवारी हॉटेलं महाग, मधल्या वारी स्वस्त. तेव्हा रविवारी निघा, सोमवारी अजिंठा ठेवा आणि मंगळवारी वेरूळ. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा केलं तर दोन्ही उघडी सापडतील हे खरं, पण सहलीचं नाव 'अजिंठा-वेरूळ' असं छापून झालंय, आणि छापलेला क्रम मोडला तर लोकांचा विश्वास उडतो. सोमवारी फाटकाशी पोचल्यावर गडबडू नका. सगळ्यांना समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटला न्या. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी प्रथम दिसली ती त्याच बाजूने, आणि त्यानेही तिकीट काढलेलं नव्हतं. पत्रकात याला 'ऐतिहासिक दृष्टिकोनातून दर्शन' म्हणता येईल.

अर्थात एखाद्या वेळी वार चुकून बरोबर येईल आणि लेणी उघडी असतील. त्याचीही तयारी हवी.

संभाजीनगराहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. सकाळी सहाला चहा, सातला नाश्ता, आठला प्रस्थान. प्रत्यक्षात पावणेनऊला गाडी हलेल, कारण कोणाची तरी चार्जरची पिन खोलीत राहिलेली असते. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी सोडायची, तिथून चार किलोमीटर त्यांच्याच बसने वर जायचं, मग तिकिटाची रांग, मग पायऱ्या. हा सगळा वेळ कार्यक्रमात धरू नका. कार्यक्रम म्हणजे कार्यक्रम, त्यात रांगा शोभत नाहीत. एक नंबरच्या लेण्याशी पोचेस्तोवर बारा वाजतील, आणि जेवण दीडला ठरलेलं असेल.

लेणी ३०, मिनिटं ९०. दर लेण्याला ३ मिनिटं आली, भागाकार निःशेष जातो. रंगवलेल्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यात एक मिनिट. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. अंधार सरावायला थोडा वेळ थांबावं लागतं. तुमच्या सहलीत तो सरावायच्या आतच 'चला, चला, पुढचं लेणं' होईल. पद्मपाणी, म्हणजे बोधिसत्त्वाचं ते गाजलेलं चित्र, दिसला का, असं विचारा. सगळे 'हो' म्हणतात. न दिसलेला पद्मपाणी कबूल करायला माणूस फार मोठा लागतो.

याच्या उलट उदाहरण म्हणून रॉबर्ट गिलकडे बघा. या लष्करी अधिकाऱ्याला १८४४ मध्ये भित्तिचित्रांच्या नकला करायला इथे पाठवलं. त्याने वर्षानुवर्षं याच दरीत काढली, आणि त्या नकलांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्ससाहेबाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आणून पुन्हा बरीच वर्षं तेच काम केलं, आणि त्यातल्याही पुष्कळ नकला लंडनमध्येच आगीत गेल्या. पाहण्यात जास्त वेळ घातला की काय होतं, ते सांगायला तुम्हाला याहून चांगला दाखला मिळणार नाही.

गाइड घ्या, पण त्याला आवर घाला. सोळा नंबरच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. तो काय म्हणतो, हे लेणं कोणी कोणासाठी दिलं, असं काही गाइड सांगायला लागला की त्याच्यासमोर जाऊन घड्याळाकडे बघा. प्रत्येक ग्रुपमध्ये एक निवृत्त शिक्षिका असतातच. त्या आधी वाचून आलेल्या असतात, त्यांच्या हातात वहीही असते. त्या गाइडला प्रश्न विचारतात, आणि गाइड, ज्याला वर्षभरात क्वचितच कोणी काही विचारलेलं असतं, एकदम फुलतो. दोघांना शेजारी उभं राहू देऊ नका. टोकाच्या २६ नंबरच्या लेण्यात सुमारे सात मीटर लांबीची बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. शिक्षिकाबाईंना ती पाहायचीच असते. त्यांना सांगा, पुढच्या सहलीत. असं काहीतरी राखून ठेवलं की माणूस परत येतो.

संभाजीनगराच्या अजिंठा ईशान्येला, वेरूळ वायव्येला, पैठण दक्षिणेला आणि लोणार तर पार पूर्वेला, पाऊणशे-शंभर नव्हे, दीडशेच्या आसपास किलोमीटर. चार दिशांची चार ठिकाणं एका सहलीत बसवणं हीच तुमची खरी कला. त्यासाठी 'वाटेत' हा शब्द जपून ठेवा. पत्रकात 'वाटेत लोणार' लिहिलं की लोक कुठून कुठे जाण्याच्या वाटेत, असं विचारत नाहीत. आणि यामागे निव्वळ हौस नाही, हिशेब आहे. गाडीवाला दिवसाला सहसा किमान तीनशे किलोमीटरचे पैसे लावतो, फिरा नाहीतर झाडाखाली उभी करा. पैसे भरलेले किलोमीटर वाया घालवणं मराठी माणसाला परवडत नाही. वेरूळ संभाजीनगरातल्या हॉटेलपासून फक्त ३० किलोमीटर आहे. एखाद्या अविचारी आयोजकाने तिथे अख्खा दिवस दिला तर दोनशेचाळीस किलोमीटर पाण्यात.

म्हणून वेरूळच्या दिवशी सकाळी घृष्णेश्वर, मग वेरूळ, खुलदाबादला भद्रा मारुती, देवगिरीचा किल्ला खालून (वर जायला शेकडो पायऱ्या आणि वाटेत वटवाघळांची अंधारी, ग्रुपमधले अर्धे गुडघे हातच वर करतात), आणि संध्याकाळी शिर्डी. शिर्डी पत्रकात नसली तरी घाला. ती नसेल तर काकू विचारतील, असेल तर काका कुरकुरतील. काकू विचारतात ते गाडीभर ऐकू येतं, काका मोबाइलमध्ये बघत कुरकुरतात. घृष्णेश्वराला अर्धा तास ठेवा. गाभाऱ्यात जायला पुरुषांना शर्ट काढावा लागतो आणि सोमवारी रांग कुठल्या कुठे जाते, हे पत्रकात लिहून ऐनवेळची मजा घालवू नका.

वेरूळला ३४ लेणी. तुम्ही सोळावं दाखवा, कैलास. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात एका अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलेलं हे मंदिर आवारात उभं राहून पाहता येतं, तसंच बाजूने वर चढून कड्यावरूनही. वरून पाहिलं की ते कसं उतरत गेलं असेल ते कळतं. पण चढायला वेळ लागतो. त्यापेक्षा हत्तीपुढे ग्रुप फोटो घ्या. ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन आत शिरतं ते दुपार कलल्यावर, आणि मग खांब, मूर्ती, सगळं उजळून निघतं. तुम्ही तेव्हा शिर्डीच्या रस्त्याला लागलेले असाल. सकाळी दहाला सगळं सावलीत असतं, फोटो एकसारखे येतात, कोणाचा चेहरा जळत नाही. जैन लेणी टोकाला आहेत. इंद्रसभेतलं कोरीवकाम पाहून लोक तिथे रेंगाळतात असा अनुभव आहे, म्हणून तिथे नेऊच नका. दूरवर बोट दाखवून 'तिकडे जैन लेणी' म्हणा.

वेळ कमी पडला तर काय कापायचं याचा क्रम आधीच ठरवा. आधी जैन लेणी, मग गाइड, मग देवगिरी. हिमरू शालींच्या दुकानातला थांबा कधीच कापायचा नाही. त्याला पत्रकात 'हातमाग केंद्रास भेट' म्हणा आणि अर्धा तास दाखवा. प्रत्यक्षात दीड तास होईल. एवढी एकच गोष्ट तुमच्या सहलीत निवांत होते हे लोकांच्या लक्षात येतं, पण तोवर बिल फाटलेलं असतं.

जेवणाचं सोपं आहे. संभाजीनगरात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) मिळतो, हिवाळ्यात रस्त्याकडेला हुरड्याच्या पाट्या लागतात, पण ही असली अडचणीची खाणी टाळा. हॉटेलात पनीर बटर मसाला, जीरा राइस, दाल फ्राय, गुलाबजाम. पुण्यातही हेच, संभाजीनगरातही हेच, म्हणजे घरची आठवण येत नाही. दुसऱ्या रात्री पनीर कढाई करा, बदल हवा.

बसमध्ये अंताक्षरी ठेवा. माणसं खिडकीबाहेर बघायला लागली की त्यांना वाटेतलं काहीतरी दिसतं आणि मग ती 'इथे जरा थांबूया का' म्हणतात. कपाशीचं शेत, जुनी वेस, बाजाराचा दिवस, काय वाट्टेल ते. छोट्या ग्रुपचा हाच मोठा धोका: सतरा माणसं थांबायला लगेच एकमत होतात. पन्नासांचं कधीच होत नसे. त्यामुळे गाणी मोठ्याने लावा.

परतीच्या वाटेवर, अहिल्यानगर सोडल्यानंतर आणि लोकांना भूक लागायच्या आधी, अभिप्रायाचे फॉर्म वाटा. एसी त्या वेळेपुरता वाढवा. सगळे 'छान', 'उत्तम नियोजन' लिहितील. त्या शिक्षिकाबाई मात्र पाठपोट लिहितील आणि शेवटी लिहितील, 'पुन्हा यायचंय, पण फक्त अजिंठ्याला, आणि एकटीने.' यातले पहिले दोन शब्द फेसबुक पेजवर टाका. खाली तीन हिरवे हार्ट.