एक रात्र, नाहीतर आठ

पुणे-भूज साप्ताहिक एक्सप्रेसने गेलंय का इथे कुणी? सोमवारी संध्याकाळी पुण्यातून सुटते, मंगळवारी कच्छात पोचते आणि बुधवारी परत फिरते. म्हणजे ताईकडे गांधीधामला गेलो तर मुक्काम एक रात्र, नाहीतर थेट आठ. मधलं काही नाहीच. आठ दिवस तळ ठोकून बसलेला मेव्हणा भाऊजींना कितव्या दिवशी नकोसा होत असेल ते विचारू नका 😄

गाडी मला आवडते हां, तिच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. कल्याणवरून भिवंडीमार्गे वसई, सुरत, बडोदा, अहमदाबाद, कुठेही सामान घेऊन उतरायचं नाही, मग विरमगामच्या पुढे सगळं सपाट होत जातं आणि माळिया ते सामखियाळी खाडीवरून जाताना दोन्ही बाजूला मिठाचे पांढरे ढीगच ढीग. येताना कर्जतला घाट चढायला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जास्तीची इंजिनं, लावतात तेवढ्यात आईचे वडापाव घेऊन होतात.

पण मागच्या वर्षी भाऊजींची अचानक अँजिओप्लास्टी झाली, वार गुरुवार. आता सोमवारपर्यंत काय हातावर हात ठेवून बसायचं? मी आणि आई पुण्याहून दादर, दादरहून लोकलने बांद्रा, हातात दोन बॅगा, आईचे गुडघे हे असे, आणि तिथून कच्छ एक्सप्रेस. ती रोज असते. तात्काळमध्ये एक तिकीट मिळालं, दुसरं वेटिंग. विमानाने जा म्हणणाऱ्यांनी ऐनवेळचं भाडं एकदा बघा आणि मग बोला.

माझं म्हणणं एवढंच की नवीन नावाची, हार घातलेली गाडी नकोय, हीच आठवड्यातून दोनदा सोडा. पुण्यातून वेरावळ, भगत की कोठी, अहिंसा याही साप्ताहिकच, सगळ्या अहमदाबादला जातात, शिवाय दुरांतो आहे, त्यामुळे अहमदाबादवाल्याला बरेच वार मिळतात. अडतो तो त्याच्या पुढचा माणूस. टिंबर मार्केटमधल्या कच्छी पटेलांना विचारा, लग्नाचा मुहूर्त निघाला की आधी गाडीचा वार बघतात.

अडचणी मलाही कळतात. पुणे स्टेशनला प्लॅटफॉर्म सहा, गाड्या धुवायच्या-तपासायच्या पिटलाइनला रांग, रेक म्हणजे डब्यांचे अख्खे संच काय झाडाला लागत नाहीत. पण काही गाड्या आता हडपसरहून सुटतातच ना, मग ही सोडा की तिकडून, आम्ही रिक्षाला दोन पैसे जास्त देऊ.

भाऊबीजेचं बुकिंग करायचंय, आता १२० नाही, ६० च दिवस आधी उघडतं, सकाळी आठला मोबाईल घेऊन बसणार. आईला विचारलं, एक रात्र की आठ? म्हणाली आठच काढ, एका रात्रीत ताईशी धड भांडूनसुद्धा होत नाही.